सरकारच्या कर्जाची मर्यादा आणि आपला खिसा: बातमी कशी वाचायची

‘ताई, अमेरिकेच्या कर्जाची मर्यादा संपली म्हणे. फंडातले पैसे काढून घेऊ का?’ २०२३ च्या मे महिन्यात शहापूरचे एक निवृत्त मास्तर एवढंच विचारायला बेळगावच्या खडेबाजारातल्या माझ्या ऑफिसचा जिना चढून आले होते. मी लोकांची रिटर्न भरून देते, अमेरिका माझ्या धंद्यात येत नाही. तरी सांगितलं: तिथं खर्च मंजूर करते ती काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, आणि त्याच खर्चाची बिलं भागवायला कर्ज काढू द्यायचं की नाही यावर भांडते तीही काँग्रेसच. ३ जूनला अध्यक्षांची सही झाली आणि ते भांडण मिटलं. पण २०११ साली अशीच ताणाताणी झाली, तेव्हा ऐनवेळी तडजोड होऊनही सरकारचा व्याजाचा बोजा त्या वर्षी सुमारे १३० कोटी डॉलरनं वाढला, असा तिथल्या सरकारी लेखातपासणी कार्यालयाचा अंदाज आहे. तो भरला तिथल्या करदात्यानं.

‘मास्तर, तुमच्या खिशाला लागणारी मर्यादा बेंगळूरला आहे. ती बघा.’

ती बघायची कशी? दर वर्षी राज्याचा अर्थसंकल्प आला की दोनच आकडे शोधायचे. कर्नाटकाच्या २००२ च्या वित्तीय जबाबदारी कायद्यानुसार राज्याची एकूण देणी सकल राज्य उत्पन्नाच्या (राज्याच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या) २५ टक्क्यांच्या आत आणि वर्षाची तूट ३ टक्क्यांच्या आत असावी लागते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात हे आकडे होते २४.९१ आणि २.९५. डबा गच्च भरलाय, झाकण दाबून लावलंय. (हे कागद कन्नड किंवा इंग्रजीत मिळतात. मराठीत मागायचे म्हणजे आमच्याकडे तो वेगळाच दावा!)

झाकण राज्याला मनानं उघडता येत नाही. केंद्राचं देणं बाकी असेल तर राज्यघटनेच्या कलम २९३(३) प्रमाणे नव्या कर्जाला दिल्लीची संमती लागते. सरकारी मंडळांच्या नावावर काढलेली कर्जंही आता या मर्यादेत धरतात. केरळ यावरून डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ एप्रिल २०२४ ला अंतरिम दिलासा नाकारला गेला आणि प्रकरण पाच न्यायाधीशांकडे गेलं.

आता मुख्य गोष्ट. कर्ज अडलं की राज्य पैसा आणणार कुठून? प्राप्तिकर केंद्राचा, त्यामुळं तुमच्या रिटर्नमध्ये काही हलत नाही. जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांची मिळून असलेली कौन्सिल ठरवते. राज्याच्या हातात उरतात पेट्रोल-डिझेल, दारू, गाड्यांचा कर, मुद्रांक आणि नोंदणी. नजर तिथं ठेवा. जून २०२४ मध्ये डिझेलवरचा विक्रीकर १४.३४ वरून १८.४४ टक्के झाला, १ एप्रिल २०२५ ला २१.१७. महाराष्ट्रातल्या कागलकडचे लोक स्वस्त डिझेलसाठी सीमेअलीकडच्या निपाणीला टाकी भरायला यायचे, तो फरक आटला. व्यवसाय कर महिना २०० रुपये होता. आता एकट्या फेब्रुवारीत पगारातून ३०० कापतात. का? वर्षाचे बरोबर २,५०० होतात, आणि घटनेनं यापेक्षा जास्त घेऊ दिलेलं नाही. शंभर रुपयांची गोष्ट, पण सरकार कुठपर्यंत तळ खरवडतंय ते तिच्यातून कळतं.

कंत्राटदारांना माझं सांगणं वेगळं. सरकारचा हात आखडला की आधी तुमची बिलं थांबतात. म्हणून टॅक्स इन्व्हॉइस (जीएसटी लावलेलं बिल) काढायची घाई नको. करारात पैसे कोणत्या तारखेला किंवा कामाच्या कोणत्या टप्प्यावर द्यायचे लिहिलंय ते वाचा आणि त्याप्रमाणंच काढा. एकदा काढली की पैसे येवोत न येवोत, पुढच्या महिन्यात जीएसटी भरावाच लागतो. वडगावच्या एका पोरानं गटारीच्या कामाची इन्व्हॉइस आधीच काढून ठेवली आणि जीएसटी भरायला बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. टीडीएस (बिलातून आधीच कापलेला कर) असेल तर तो प्राप्तिकर खात्याच्या साइटवर तुमच्या नावावर जमा दिसतो का, तेही दर तिमाहीला बघा.

आणि घर-प्लॉट घेणाऱ्यांनो, सौदा पक्का असेल, कागद तयार असतील, तर नोंदणी लांबवू नका. नोंदणी शुल्क वाढवायला अर्थसंकल्पाची वाट बघावी लागत नाही. हे मी मास्तरांनाही सांगितलं होतं. त्यांच्या मुलाचा ४० लाखांचा फ्लॅट ऑगस्ट २०२५ मध्ये तयार होता. ‘गणपती उठू देत, मग निवांत करू,’ म्हणाले. गणपती घरात बसलेले असतानाच, ३१ ऑगस्टला, शुल्क १ टक्क्यावरून २ टक्के झालं. ४० हजारांचे ८० हजार. विसर्जन झालं, तर लगेच पितृपक्ष लागला, म्हणून आणखी पंधरा दिवस थांबले. त्यानं मात्र काही फरक पडला नाही.