स्लॅशर स्वस्तात करा, पण या चुका टाळा

माझ्याकडे एडिटिंगला येणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी एखादा स्लॅशर, म्हणजे एकामागून एक खून पडणारा भयपट, असतोच. पाच-सहा पोरं, एक पडकं घर, मुखवटा घातलेला खुनी, आठ रात्रींचं शूट. दिग्दर्शकाचं पहिलं वाक्यही ठरलेलं: "बजेट नव्हतं हो, जरा सांभाळून घ्या." सांभाळून घ्यायला माझी ना नाही. पण फुटेज उघडलं की दिसतं, पैसा नव्हता म्हणून बिघडलेलं फार थोडं असतं. बाकी सगळी घाई.

पहिला नंबर आवाजाचा. एका फिल्ममध्ये नायिका पलंगाखाली लपून फोनवर कुजबुजते, खुनी तिचा पाय धरून बाहेर ओढतो आणि ती किंचाळते. हे सगळं एकाच टेकमध्ये. मुलीने जीव ओतला होता. आवाज मात्र कॅमेऱ्यावर खोचलेल्या माइकने घेतलेला, आणि कुजबुज ऐकू यावी म्हणून लेव्हल चढवून ठेवलेली. किंकाळी आली तिथे वेव्हफॉर्मचा, म्हणजे आवाजाच्या आलेखाचा, माथा सुरीने कापल्यासारखा सपाट! ऐकायला फाटका स्पीकर. मागे जनरेटरची घरघर होतीच.

"डबिंगला करून घेऊ," असं दिग्दर्शक म्हणाला. तीन आठवड्यांनी ती बिचारी थंडगार स्टुडिओत कागद हातात धरून किंचाळली. किंकाळी स्वच्छ होती आणि काही कामाची नव्हती. पडद्यावर मानेच्या शिरा ताठलेल्या, आणि आवाज झुरळ दिसल्याचा. चौदा टेक झाले. शेवटी मी किंकाळी काढूनच टाकली. तिचं तोंड उघडतं तिथे पूर्ण शांतता ठेवली आणि पलंगाचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज तेवढा टाकला. लोकांना तो सीन फार आवडला. दिग्दर्शक आता ती स्वतःची कल्पना म्हणून सांगतो. सांगू दे.

हे टाळायचं असेल तर एकच माइक रेकॉर्डरच्या दोन ट्रॅकवर घ्या आणि दुसरा ट्रॅक दहा-बारा डेसिबल खाली ठेवा. पहिला फाटला तर दुसरा वाचतो. सीन संपला की कॅमेरा बंद करून, कलाकाराचा दम उतरायच्या आत, तिथेच नुसत्या आवाजाच्या तीन किंकाळ्या, धाप आणि हुंदके घेऊन ठेवा. मग सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. हा रूम टोन मागितला की लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मी किडनी मागितली. घरघर नको म्हणून फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यात ठेवा. घरी निघताना फ्रिज चालू करायचं आपोआप आठवतं. ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे.

एक लक्षात घ्या, भोसकणं हा निम्म्याहून जास्त आवाजाचाच खेळ आहे. 1960 च्या 'सायको'तल्या शॉवरच्या सीनमध्ये चाकू शिरल्याचा आवाज खरबुजाच्या जातीच्या फळात चाकू खुपसून काढलेला आहे, आणि मोरीत वाहून जाणारं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. फिल्म कृष्णधवल असल्याने ते खपलं. तुम्ही रंगीत शूट करताय, तेव्हा रक्ताकडे वळू.

रक्त पातळ आणि गुलाबी नको. कॉर्न सिरप, खायचा लाल रंग, निळ्याचा एखादा थेंब आणि दाटपणाला चिमूटभर कोको, एवढं पुरतं. शूटच्या लाइटमध्ये आधी टेस्ट घ्या, कारण निळ्या लाइटखाली तेच रक्त डांबर दिसतं. पण खरं दुखणं रंगाचं नसून शर्टाचं आहे.

शर्ट एकच आणतात! मग उत्साहाच्या भरात पहिल्याच रात्री खून उरकतात. दुसऱ्या रात्री खुनाआधीचे संवाद घ्यायचे, तर शर्ट धुतलेला, फिक्या गुलाबी डागांचा. माझ्याकडच्या एका फिल्ममध्ये पोरगा पूर्ण सीनभर छातीशी उशी धरून बोलतो. दिग्दर्शक म्हणाला, ते त्याच्या असुरक्षिततेचं प्रतीक आहे. सारखे चार शर्ट घ्या, कोरडे शॉट आधी संपवा, आणि रक्त लागल्यावर प्रत्येक कटनंतर समोरून आणि बाजूने मोबाइलवर फोटो काढा. "लक्षात राहील" म्हणणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. रक्ताचा ओघळ डाव्या गालावरून उजव्या गालावर गेलेला मी स्वतः पाहिला आहे, तोही एकाच वाक्याच्या मध्यात.

मुळात इतकं रक्त लागतंच असं नाही. 1974 च्या 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर'मध्ये पडद्यावर रक्त आश्चर्य वाटावं इतकं कमी आहे. बघून आलेल्याला मात्र ते खूप पाहिल्यासारखं वाटतं.

अंधार. अंधार म्हणजे लाइट न लावणं, हा गैरसमज कोणी पसरवला देव जाणे. लाइट नाही म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, वर चढवतात, मग काळ्या भागात मुंग्यांचं वारूळ उठतं आणि कोण कोणाच्या मागे धावतंय ते आईलासुद्धा ओळखता येत नाही. मी ब्राइटनेस वाढवला तर फक्त मुंग्या मोठ्या होतात. पात्राच्या मागून एक लाइट मारा, कडा उजळू द्या, चेहरा अंधारात राहू द्या, जमीन ओली करा. 'हॅलोविन'मध्ये नायिकेच्या मागच्या काळ्याकुट्ट दारात मुखवटा हळूहळू उमटतो, त्यासाठी कॅमेरामन डीन कंडी यांनी छोटा लाइट डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर, ठेवला होता.

ही फिल्म 1978 ची, बजेट सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास. मुखवटा दोन डॉलरच्या आतला, दुकानातून आणून पांढरा रंगवलेला. शूट वसंत ऋतूत कॅलिफोर्नियात, म्हणून पानगळीची पानं रंगवून पसरायची आणि सीन झाला की गोळा करून पुन्हा वापरायची. पण लेन्स पॅनाव्हिजन या नावाजलेल्या कंपनीच्या. कंजूषपणा कुठे करायचा याची अक्कल म्हणतात ती ही. आपल्याकडे येणाऱ्या डिस्कमध्ये उलटं असतं: मुखवटा खास घडवून घेतलेला आणि बूम, म्हणजे माइकची लांब काठी, धरायला कुणाचा तरी भाऊ.

बाकीचं पटापट. खुनी दहाव्या मिनिटाला पूर्ण दाखवू नका. प्रत्येक दार उघडताना संगीताचा दणका नको; तिसऱ्या दाराला लोक हसतात. घराचा नकाशा एकदा तरी दाखवा, नाहीतर जिना कुठे जातो ते कळत नाही आणि पाठलाग नुसती पळापळ होते. पात्रं कमी घ्या. नऊ जण असतील तर सहावा कोण होता ते मलाही आठवत नाही. मुखवट्यातल्या माणसाला बाजूचं दिसत नाही, त्याला जिन्यावर पळवायच्या आधी चालवून बघा. आणि खरा चाकू सेटवर आणूच नका, क्लोजअपपुरतासुद्धा. धार बोथट केली आहे म्हणणाऱ्याकडून चाकू काढून घ्या आणि त्याला चहा सांगायला पाठवा.

मोठे खून पहाटे चारला ठेवू नका. थकलेला माणूस मेलेला वाटत नाही, झोपलेला वाटतो. परवाच एका प्रेताने शॉटमध्ये जांभई दिली. मी ती कापली, पण पुढे हात खाजवला तो अजून तिथेच आहे, कारण त्या अँगलचा दुसरा टेक घेतलेलाच नाही.