'चालेल' म्हणणारा माणूस

दर महिन्याच्या दहा तारखेला, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, सेल्समधलं कुणीतरी माझ्या टेबलाशी येऊन उभं राहतं. हातात दोन-तीन कागद, चेहऱ्यावर ओशाळं हसू. "पार्टीचा जीएसटी नंबर चुकलाय रे, तेवढं बघतोस का?" जीएसटीआर-वन, म्हणजे महिन्याच्या विक्री बिलांचं जीएसटी विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख ११, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मी "चालेल" म्हणणार, हेही ठाऊक असतं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी हेच काम करते, पण तिच्याकडे कुणी फिरकत नाही. ती मान वर न करता "आज नाही होणार" म्हणते.

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी नऊ वर्षं अकाउंट्सला आहे. घरात मला 'गरीब स्वभावाचा' म्हणतात, ऑफिसात 'टीम प्लेअर'. अर्थ एकच. नुकतंच नोकरीला लागलेलं आणि स्वभावाने असंच कुणी हे वाचत असेल, किंवा ज्याच्या हाताखाली असा माणूस आहे असं कुणी, तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मध्यंतरी एचआरने 'डिस्क' या स्वभावचाचणीचं ट्रेनिंग ठेवलं होतं. प्रश्नावली भरायची, मग चारपैकी एक अक्षर तुमच्या वाट्याला येतं. मला आलं एस. म्हणजे शांत, धीराचा, सांभाळून घेणारा, अचानक बदल न आवडणारा. टाळ्या वाजल्या आणि त्याच आठवड्यात दोन नवीन ट्रेनी माझ्या गळ्यात पडले, कारण 'तुझ्याकडे पेशन्स आहे'.

या चार अक्षरांचं मूळ विल्यम मार्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९२८ च्या पुस्तकात आहे. वंडर वुमन हे कॉमिकमधलं पात्र निर्माण करणारा तो हाच. त्याने स्वतः अशी प्रश्नावली काढली नव्हती, ती पुढे इतरांनी बनवली. गंमत म्हणजे त्याच्या मांडणीत एस म्हणजे 'सबमिशन' होतं, दुसऱ्याच्या म्हणण्याला आपखुशीने मान देणं. आता तिथे 'स्टेडिनेस' असतं. ऐकायला बरं वाटतं, पण मला जुना शब्द जास्त खरा वाटतो.

या चाचणीवर फार विसंबू नका. मानसशास्त्राचे अभ्यासक जास्त करून 'बिग फाइव्ह' ही पाच गुणांची मांडणी वापरतात. तिच्यात दुसऱ्याला सांभाळून घेणं हा एक गुण आणि मन अस्वस्थ होण्याची प्रवृत्ती हा वेगळा. म्हणजे माणूस मदतीला तत्पर असेल आणि आतून त्याच्या पोटात गोळाही आला असेल. माझं तसंच आहे. सात तारखेला टीडीएस, पंधराला पीएफ, वीसला थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं दुसरं विवरणपत्र. या तारखांच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही. बाहेरून मात्र एकदम थंड.

या स्वभावाचा खरा धोका मला कळला तो आमच्याकडे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर जाऊन नवी सिस्टीम आली तेव्हा. मीटिंगमध्ये पंधराजण होते. मॅडमनी विचारलं, "कुणाची काही हरकत?" मी गप्प. वेंडरकडून आलेला माल रिजेक्ट झाला की आम्ही डेबिट नोट काढतो, म्हणजे तेवढी रक्कम त्याच्या बिलातून कमी करतो. ती नव्या सिस्टीममध्ये मूळ खरेदी बिलाला जोडली जात नव्हती. हे मला डेमोच्याच दिवशी दिसलं होतं. बोललो नाही. उलट माझ्यापुरती एक एक्सेल शीट उघडली आणि गुपचूप दोन्हीकडे नोंदी करत बसलो. तिसऱ्या महिन्यात वेंडरांची खाती जुळवायला घेतली, तर कुणाचंच बॅलन्स जुळेना. माझ्याकडे शीट होती, पण फक्त माझ्या वेंडरांची.

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही हरकत विचारलीत. हरकत नव्हती, मॅडम."

मी हे खरंच प्रामाणिकपणे म्हणालो होतो. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

तेव्हापासून त्यांनी पद्धत बदलली. काही नवीन आणायचं असेल तर आदल्या दिवशीच मला कागद देतात आणि विचारतात, "हे कुठे अडकेल?" हा प्रश्न आला की मी पानभर लिहून देतो. 'चालेल ना?' या प्रश्नाला आमच्यासारख्यांकडे एकच उत्तर असतं, तेव्हा तो विचारूच नये. चारचौघांत तर मुळीच नाही. आणि असा माणूस अचानक हळू काम करू लागला, तर तो आळशी झाला असं समजू नका. त्याला काहीतरी पटलेलं नसतं.

आमच्या जातकुळीच्या नवीन लोकांना एकच युक्ती सांगतो. एकदम 'नाही' म्हणायला जाऊ नका, ते जमत नाही आणि जमलं तरी रात्रभर खात राहतं. 'कधीपर्यंत हवंय?' एवढं विचारायला शिका. निम्मी कामं तिथेच गळतात. इंटरव्ह्यूमध्येही नुसतं 'मी शांत आहे' म्हणू नका. सगळेच म्हणतात. गोंधळात तुम्ही नेमकं काय केलंत, तो एक प्रसंग सांगा.

घरी हे अजून जमलेलं नाही. कुठे जेवायला जायचं, तर माझं उत्तर 'कुठेही'. परवा बायको म्हणाली, "तुझ्या 'कुठेही'मुळे दर वेळी मलाच ठरवावं लागतं. आणि जेवण बिघडलं की चूकही माझीच." मी आजवर याला समजूतदारपणा समजत होतो.

या महिन्यात दहा तारखेला सेल्सवाला आला तेव्हा त्याला म्हटलं, "आठ तारखेपर्यंत देत जा." तो म्हणाला, "तूही आता तिच्यासारखाच झालास की!" शेजारच्या टेबलावरून हसण्याचा आवाज आला. त्याच्याकडच्या तीन कागदांत दोन क्रेडिट नोटा, म्हणजे पार्टीच्या बिलाची रक्कम कमी करणारे कागद होते, त्या पुढच्या महिन्यावर ढकलल्या. तिसऱ्या बिलात नंबर चुकला होता. तसंच गेलं असतं तर चौदा तारखेला पार्टीच्या टूबीमध्ये, म्हणजे तिच्या खरेदीच्या जीएसटी यादीत, ते बिल दिसलं नसतं, तिचं क्रेडिट, म्हणजे त्या बिलावरच्या कराची वजावट, अडकलं असतं. ते तेवढं करून दिलं. सातची बस चुकली.