वॉटर-बेस्ड पेंटचा स्प्रे आणि हवेतला ओलावा

थिनरच्या रंगावर हात बसलेला पेंटरही वॉटर-बेस्डकडे वळला की सुरुवातीला गोंधळतो. हवेत बाष्प किती आहे, याने थिनरच्या उडण्यात फारसा फरक पडत नाही. पाण्याच्या बाबतीत तोच सगळा खेळ. म्हणून स्प्रे रूममध्ये तापमापकाइतकाच आर्द्रतामापकही हवा. नवशिके नेमका तोच टाळतात.

२० ते २५ अंश सेल्सिअस आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता असेल तर काम बिनघोर होतं. आर्द्रता ८०च्या पुढे गेली की कोट ओलाच राहतो, उभ्या भागावर ओघळ येतात, मेटॅलिकमध्ये ढगाळ डाग पडतात. अशा वेळी कोट पातळ द्या आणि सगळीकडची ओली चमक जाऊन पृष्ठभाग मॅट दिसेपर्यंत पुढचा कोट मारू नका. वारा द्यायचा तो कोट झाल्यावर, तिरका. स्प्रे चालू असताना पंखा लावलात तर धूळ चिकटलीच.

हवा तापवणंही उपयोगी पडतं. २० अंशांची ८० टक्के आर्द्रतेची हवा २५ अंशांवर नेली की आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर येते, बाष्प तेवढंच राहूनही. मात्र धुराडं नसलेला गॅस हीटर लावू नका. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि ती खोलीतच राहते.

कोरड्या, तापलेल्या हवेत उलटा त्रास. थेंब पृष्ठभागावर पसरण्याआधीच सुकतात आणि हात फिरवला की खरखर लागते. गन थोडी जवळ घ्या, हवेचं प्रेशर उतरवा, कंपनीचा स्लो रिड्यूसर, म्हणजे रंग सावकाश सुकू देणारं पातळक, वापरा. नुसतं पाणी ओतत सुटू नका. डब्यावरची मर्यादा ओलांडली की झाकणशक्ती जाते आणि रंग ओघळतो.

१० अंशांखाली बहुतेक ॲक्रिलिक रंगांचे कण एकमेकांत मिसळून सलग थर होत नाही. वरून वाळल्यासारखं दिसतं, पण थर भुकटतो किंवा तडकतो. नंतर ऊब देऊन तो सुधारत नाही, खरवडूनच काढावा लागतो.

लोखंडी कामाला पृष्ठभागाचं तापमान वेगळं मोजा. ते दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंश जास्त हवं. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू सुमारे २६ असतो. रात्रभर गार पडलेला पत्रा तेव्हा २५ अंशांवर असला तर त्यावर न दिसणारा दमटपणा धरतो. पत्रा खोलीच्या तापमानाला येऊ द्या. त्यातून प्रायमर सावकाश सुकला, तर त्यातल्या पाण्यानेच पत्र्यावर तपकिरी गंजाचे ठिपके उमटतात.