केरळमध्ये आधी कोणत्या शहरात उतरावे? सोलापूरहून निघताना या चुका टाळा

केरळच्या सहलीचे बहुतेक तयार आराखडे मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. हा प्रवासी विमानाने कोचीला उतरतो किंवा कोकण रेल्वेने मंगळूर, कोझिकोड असे करत उत्तरेकडून राज्यात शिरतो आणि मग मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी, कोवालम या क्रमाने दक्षिणेकडे सरकतो. सोलापुरातील कुटुंबे हाच आराखडा जसाच्या तसा उचलतात आणि पहिले शहर म्हणून कोचीवर शिक्कामोर्तब करून मोकळी होतात. वास्तविक सोलापूरहून केरळला जाणारी वाट निराळी आहे, त्यामुळे पहिल्या शहराचा हिशेबही निराळा मांडावा लागतो. तो न मांडल्यास सहल बिघडतेच असे नाही. मात्र एक-दोन दिवस गाडीत किंवा घाटात विनाकारण खर्ची पडतात, आणि आठवड्याभराच्या रजेत तेवढे दिवसही फार असतात.

सर्वांत मोठी चूक: आपण कोणत्या दाराने शिरतो हे न पाहणे

पुण्याहून सोलापूरमार्गे कन्याकुमारीला जाणारी जयंती जनता एक्स्प्रेस ही सोलापूरकरांची केरळची हक्काची गाडी आहे. ती वाडी, गुंतकल, रेणिगुंटा, सेलम, कोइम्बतूर असा प्रवास करून पालक्काडच्या खिंडीतून केरळमध्ये शिरते, आणि पुढे त्रिशूर, आलुवा, एर्नाकुलम टाऊन (म्हणजे कोची), कोट्टायम, कोल्लम, तिरुवनंतपुरम अशी राज्याची जवळजवळ अर्धी लांबी पार करून कन्याकुमारीला पोहोचते. म्हणजे मध्य आणि दक्षिण केरळमधील महत्त्वाची शहरे एकाच गाडीच्या वाटेवर आहेत. त्यामुळे ‘कोचीला जाणारी गाडी कोणती’ हा प्रश्न येथे फारसा उपयोगाचा नाही. या गाडीतून कोठे उतरायचे आणि परतताना ती कोठे पकडायची, हे ठरवायचे आहे.

आमच्या मते रेल्वेने जाणाऱ्या सोलापूरकर कुटुंबाने शक्यतो दूरचे टोक आधी गाठावे. सोलापूर ते एर्नाकुलम हा प्रवास चोवीस तासांहून अधिक आहे. एवढे बसल्यावर आणखी चार-पाच तास त्याच बर्थवर काढून तिरुवनंतपुरमला उतरणे फारसे जड जात नाही. तेथून कोवालम, कोल्लम, अलेप्पी, मुन्नार असे उत्तरेकडे सरकत आले की दर मुक्कामागणिक घर जवळ येत जाते आणि परतीची गाडी आलुवा किंवा एर्नाकुलमला पकडता येते. याउलट आधी एर्नाकुलमला उतरून मुन्नार व अलेप्पी करत तिरुवनंतपुरमला सहल संपवली, तर थकलेल्या अंगाने, मळक्या कपड्यांच्या बॅगा घेऊन, सर्वांत लांबचा प्रवास शेवटी करावा लागतो. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर हा फरक चांगलाच जाणवतो.

दक्षिणेकडून सुरुवात करण्याचा आणखी एक फायदा सहसा कोणी लक्षात घेत नाही. सोलापूरहून नागरकोविलला जाणाऱ्या गाड्याही आहेत. त्या केरळमधून न जाता तमिळनाडूतून, मदुराई आणि तिरुनेलवेलीच्या वाटेने जातात. नागरकोविल हे कन्याकुमारीच्या अगदी जवळचे शहर असून तेथून तिरुवनंतपुरम सुमारे 70 किलोमीटर आहे. जयंती जनताचे आरक्षण मिळाले नाही म्हणून बेत रद्द करणाऱ्यांनी हा पर्याय जरूर तपासावा. वाटेत तक्कलैजवळ पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडाही पाहता येतो. तो तमिळनाडूच्या हद्दीत असला तरी त्याची देखभाल केरळ सरकार करते, आणि सोमवारी तो बंद असतो. मात्र नागरकोविलच्या गाडीने एर्नाकुलमला उतरता येईल असे समजून तिकीट काढणे ही चूक आहे, आणि ‘नागरकोविल म्हणजे तिकडेच कुठेतरी’ अशा समजुतीतून ती होते.

परतीचे तिकीट नंतर पाहू, असे म्हणणे

पहिले शहर ठरवण्याआधी शेवटचे ठरवावे, हे उलटे वाटले तरी व्यवहार्य आहे. रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते. सुट्टीच्या दिवसांत जाण्याचे तिकीट ज्या सकाळी निघते, त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी परतीचे उघडते, आणि या मधल्या काळात लोक हॉटेलांना आगाऊ पैसे भरून बसतात. मग परतीचे आरक्षण तिरुवनंतपुरमहून न मिळता त्रिशूरहून मिळाले, तर सगळा क्रमच उलटा करावा लागतो. म्हणून परतीचे तिकीट हाती येईपर्यंत पैसे परत मिळतील अशाच खोल्या घ्याव्यात.

तिकिटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सोलापूरकरांनी कटाक्षाने पाहावी. पुण्याहून रात्री उशिरा सुटणारी गाडी सोलापूरला मध्यरात्र उलटल्यावर येते, म्हणजे तारीख बदललेली असते. पुण्याच्या नातेवाइकांनी ‘आमची 10 तारखेची गाडी’ असे सांगितले की सोलापुरातील मंडळी स्वतःचेही तिकीट 10 तारखेचेच काढतात. प्रत्यक्षात त्या दोन गाड्या वेगळ्या ठरतात आणि एकत्र ठरलेली सहल पहिल्याच स्थानकावर फाटते. आपल्या स्थानकावर गाडी कोणत्या तारखेला येते तेच पाहावे, आणि त्यावरून पहिल्या हॉटेलची तारीख मोजावी.

नावांचा घोळ

रेल्वेच्या तिकिटावर ‘कोची’ शोधू नये. शहराची मुख्य स्थानके एर्नाकुलम या नावाने आहेत आणि तीही दोन आहेत: एर्नाकुलम जंक्शन, ज्याला स्थानिक लोक साऊथ म्हणतात, आणि एर्नाकुलम टाऊन, म्हणजे नॉर्थ. जयंती जनता टाऊनला थांबते. कोची पाहायचे म्हणजे मुख्यतः फोर्ट कोची आणि मट्टनचेरी पाहायचे, आणि ती ठिकाणे एर्नाकुलमपासून पाण्यापलीकडे आहेत. स्थानकाजवळची खोली स्वस्त मिळाली म्हणून घेतली तर रोज पलीकडे जा-ये करावी लागते. मात्र ही जा-ये बोटीने केली तर तीच सहलीचा भाग होते: जुनी सरकारी बोट अगदी थोड्या पैशांत नेते, आणि 2023 मध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रोही आता फोर्ट कोचीपर्यंत जाते. विमानतळ तर नेडुंबश्शेरीला, शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर आहे. मुन्नारला जाणाऱ्यासाठी तो आणि आलुवा स्थानक सोयीचे आहेत, कारण शहरात शिरण्याची गरजच पडत नाही.

तिरुवनंतपुरमच्या बाबतीत 2024 पासून नवी गुंतागुंत झाली आहे. पूर्वीचे कोचुवेली आता तिरुवनंतपुरम नॉर्थ आणि नेमम हे तिरुवनंतपुरम साऊथ झाले आहे. हॉटेलवाल्याला नुसते ‘तिरुवनंतपुरमला उतरतो’ असे सांगू नये. सेंट्रल की नॉर्थ, हे स्पष्ट सांगावे.

अलेप्पी हे आजचे अलप्पुळा. एर्नाकुलमच्या दक्षिणेला रेल्वेचे दोन फाटे होतात. एक कोट्टायमवरून व दुसरा किनाऱ्याने अलप्पुळ्यावरून जातो, आणि ते कायमकुळमला पुन्हा एकत्र येतात. सोलापूरची गाडी कोट्टायमच्या फाट्याने जाते. त्यामुळे हाऊसबोटीपासून सहल सुरू करण्याचा आग्रह असेल तर कोट्टायमला उतरून कुमारकोमला जाणे सोपे पडते. वेंबनाड तलाव तोच आहे, फक्त दुसरा काठ.

हाऊसबोट हा पहिलाच मुक्काम असावा का? आम्ही तसा सल्ला देणार नाही. बोटी साधारण दुपारी बारा वाजता प्रवाशांना घेतात, संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास किनाऱ्याला बांधल्या जातात, कारण त्यानंतर मासेमार तलावात जाळी टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास रिकाम्या कराव्या लागतात. गाडीला चार तास उशीर झाला तर दुपारचे फिरणे बुडते आणि पूर्ण भाडे भरून बांधलेल्या बोटीत नुसती रात्र काढावी लागते. दीड हजार किलोमीटर धावून आलेल्या गाडीच्या वेळेवर असा मुक्काम टांगू नये. नेमका हाच नियम मुन्नारलाही लागू आहे. तेथे रेल्वे नाही. आलुवापासून सुमारे 110 किलोमीटरचा रस्ता असून त्याला चार तास लागतात, आणि उत्तरार्ध सगळा वळणांचा आहे. रेल्वेतून उतरून थेट घाट चढायला लागले की निम्म्या घरांत कोणाला तरी उलटी होतेच.

ऋतू आणि गर्दी

सोलापूरकर बाहेर पडतात ते दिवाळीत, मे महिन्यात किंवा जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांची, यात्रा आटोपल्यावर. या तिन्ही वेळी उत्तर एकच नाही.

दिवाळीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आपल्याकडे आकाश मोकळे झालेले असते, पण केरळमध्ये परतीचा, तेथील भाषेत तुलावर्षम म्हणतात तो, पाऊस सुरू असतो. तो बहुधा दुपारनंतर, विजांसह येतो. या काळात पहिले दोन दिवस शहरात काढावेत, सकाळी फिरावे, आणि घाट व समुद्रकिनारा पुढे ढकलण्याची मुभा ठेवावी. मेमध्ये उकाडा असतो. सोलापूरच्या 42 अंशांपुढे आकडा लहान दिसतो म्हणून लोक फसतात, कारण त्या दमट हवेत घाम वाळतच नाही. तेव्हा एक अपवाद म्हणून मुन्नारसारखे थंड ठिकाण लवकर गाठणे योग्य, पण आलुवाला एक रात्र विसावा घेऊनच. महिनाअखेरीस जाणाऱ्यांनी नैर्ऋत्य मोसमी पावसाची केरळमधील सर्वसाधारण तारीख 1 जून आहे हे विसरू नये. राज्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरच्या पावसाच्या अनुभवावर त्याचा अंदाज बांधता येत नाही.

जानेवारीचा उत्तरार्ध सर्वांत चांगला, आणि त्याचे कारण केवळ हवामान नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून संक्रांतीच्या मकरविळक्कू उत्सवापर्यंत शबरीमलैचा हंगाम असतो. कोट्टायम आणि चेंगन्नूर या स्थानकांवर काळ्या वस्त्रांतील अय्यप्पाभक्तांची रीघ लागलेली असते, आणि आपल्या भागातूनही भक्त याच गाडीने जातात. सिद्धेश्वरांच्या यात्रेतील मुख्य विधीही संक्रांतीच्याच दिवसांत येतात. त्यामुळे गड्डा पाहून जो निघतो त्याला आपोआप गर्दी ओसरल्यानंतरचा काळ मिळतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत मात्र बेत लांबवला तर मुन्नारजवळचे एरविकुलम राष्ट्रीय उद्यान नीलगिरी ताहर या रानबकरीच्या विणीच्या हंगामामुळे साधारणतः बंद असते. ज्यांना केवळ त्यासाठी मुन्नारपासून सुरुवात करायची होती त्यांनी ही बाब आधी पाहावी.

पहिल्या दिवसाचा वार

तिरुवनंतपुरमला उतरल्यावर प्रथम श्रीपद्मनाभस्वामींचे दर्शन, असा अनेकांचा संकल्प असतो. मंदिर दुपारी बंद होते आणि संध्याकाळी उघडते; दुपारच्या सुमारास पोहोचणाऱ्याने त्या दिवशी सकाळचे दर्शन गृहीत धरू नये. पुरुषांना मुंडू म्हणजे धोतर लागते आणि अंगात शर्ट चालत नाही. स्त्रियांना साडी चालते, आणि पंजाबी ड्रेसवर मुंडू गुंडाळूनही जाता येते. मंदिराबाहेर मुंडू मिळतात, पण पँटवर ते कसेबसे गुंडाळून, एका हाताने गाठ धरून रांगेत उभे राहण्याची पाळी येते ती धोतराची सवय नसलेल्यांवर. घरातले एक पांढरे धोतर बॅगेत वरच ठेवलेले बरे. मोबाइल आत नेता येत नाही.

कोचीपासून सुरुवात करणाऱ्याने शुक्रवार-शनिवार टाळावा. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि 1568 चे परदेशी सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) शनिवारी.

वाहनाने किंवा विमानाने जात असाल तर

स्वतःच्या गाडीने विजयपूर, चित्रदुर्ग, म्हैसूर असे जाणाऱ्यांना वरील क्रम लागू होत नाही. त्यांच्यासाठी वायनाड हे पहिले ठिकाण आणि कोझिकोड हे पहिले शहर होय. गुंडलुपेट ते सुलतान बत्तेरी हा बंदीपूरच्या जंगलातील रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो. म्हैसूरला चहा घेऊन सावकाश निघणारे नेमके येथे अडकतात. त्यापेक्षा म्हैसूरलाच मुक्काम करावा. पावसाळ्यात ही वाट निवडू नये. वायनाडमधील दरडींनी 30 जुलै 2024 रोजी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे.

विमानाने जायचे तर सवयीने पुण्याचे भाडे पाहिले जाते. सोलापूरहून पुणे सुमारे 250 आणि हैदराबाद सुमारे 300 किलोमीटर आहे. दोन्हींची भाडी ताडून पाहावीत. कोचीला उतरून तिरुवनंतपुरमहून परत निघता येत असेल तर विमानप्रवाशाने कोची आधी करावी. येथे लांबच्या परतीचा प्रश्नच उरत नाही.

घोळ झालाच तर

फक्त कोइम्बतूरपर्यंतचे तिकीट पक्के मिळाले तर घाबरू नये. तेथून पालक्काड सुमारे 50 किलोमीटर आहे आणि बस सतत असतात. अशा वेळी त्रिशूर हे पहिले शहर करावे. तेथील वडक्कुन्नाथन मंदिर आणि जवळचे गुरुवायूर यांत दीड दिवस उत्तम जातो, आणि शाकाहारी जेवणाचीही अडचण पडत नाही.

तिरुवनंतपुरमची खोली घेतली आणि जागा एर्नाकुलमपर्यंतचीच मिळाली, तर तेथून दिवसभर गाड्या आहेत. रात्री उशिरा पोहोचत असल्यास एर्नाकुलमला राहून पहाटेची गाडी पकडणे चांगले.

घाटात पावसाचा इशारा असेल तर मुन्नारचा मुक्काम शेवटी ढकलावा आणि कोची दोन दिवसांऐवजी तीन दिवसांची करावी. आणि ज्यांच्याकडे प्रवास वगळून जेमतेम तीनच दिवस उरतात, त्यांनी पहिले शहर कोणते हा प्रश्न बाजूला ठेवून एर्नाकुलम टाऊनला उतरावे, फोर्ट कोची आणि एक दिवस अलेप्पी एवढेच करावे, आणि तिरुवनंतपुरम व कन्याकुमारी पुढच्या वर्षीच्या जानेवारीसाठी ठेवावे.