बोरू कापताय? मग या चुका टाळा

पाणथळीतला बोरू (पोकळ काडीचं उंच गवत, शेतातला ताग नव्हे) वाचवायचा म्हणजे त्याला हातच लावायचा नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं आणि गडबड तिथूनच सुरू होते. वर्षानुवर्षं कापलाच नाही तर वाळलेल्या काड्या-पाल्याचा थर साचतो, जमीन वर येत जाते, पाणी हटतं आणि झुडपं घुसतात. पाणथळी जपण्यासाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर करारातसुद्धा पाणथळी शहाणपणाने वापरा असंच म्हटलंय, वापरूच नका असं नाही.

काडी दरवर्षी बारीक आणि बुटकी होतेय? मग तुम्ही बहुतेक हिरवा बोरू कापताय. पानं पिवळी पडताना त्यातलं पोषण जमिनीखालच्या खोडात उतरतं, पुढच्या हंगामाचे कोंब त्याच्यावरच पोसतात, त्याआधी कापलं की तो साठाच तुटतो. काडी पूर्ण वाळू द्या, पण नवे कोंब फुटायच्या आत काम उरका, नाहीतर ते पायाखाली मोडतात. आणि चिखलात जड मशीन नकोच, खालचं खोड चिरडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पाण्याखालून कापणं. कापलेला खुंट जरा हातात घेऊन बघा, आत पोकळ नळी दिसेल. चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच, त्यामुळे खालच्या खोडाला हवा मिळते ती या नळीतून, काडी वाळलेली असली तरी. खुंट बुडाला की नळीत पाणी शिरतं आणि खोड गुदमरतं. उत्तर अमेरिकेत बाहेरून आलेला बोरू हटवायला मुद्दाम असंच कापतात, म्हणजे विचार करा! त्यामुळे एखादा पट्टा फुटलाच नाही तर मातीला दोष देण्याआधी खुंट किती पाण्यात होते ते बघा, आणि कापताना आजची नाही, पुढे चढणारी पातळी धरा.

सगळा पट्टा एकदम साफ करायचा मोह होतो, कळतं मला, काम पटकन उरकतं. पण वटवट्यासारखे पक्षी उभ्या काड्यांना घरटी बांधतात, कितीतरी किडे पोकळ काडीतच थंडी काढतात, त्यांनी जायचं कुठे? तुकडे पाडा, आलटून पालटून कापा, काही भाग दोन-तीन वर्षं तसाच उभा राहू द्या.

आणि कापलेला माल तिथेच टाकू नका, परत तोच थर साचतो. बाहेर काढलात तर सोबत थोडं नायट्रोजन-फॉस्फरसही पाण्यातून कमी होतं.