स्ट्रपटाइम देवनागरी अंक अर्धेच का घेतो, आणि दुरुस्ती कुठे करायची

पायथन ३.१२ मध्ये डेटटाइमच्या स्ट्रपटाइमला, म्हणजे मजकुरातली तारीख वाचणाऱ्या फंक्शनला, पर्सेंट कॅपिटल वाय (वर्षाची खूण) लावून ‘२०२३’ हे देवनागरी वर्ष द्या. निमूट घेतो. आता पर्सेंट स्मॉल डी (दिवसाची खूण) लावून ‘१५’ द्या: व्हॅल्यू एरर, म्हणजे नकार. त्याच पंधरातला एक इंग्रजी आणि पाच देवनागरी केलात, तर पुन्हा चालतं! मराठी फॉर्मवरून टाइप केलेल्या एक्सेल फाइली वाचणं हे माझं रोजचं काम. टायपिंग करणाऱ्याचा कीबोर्ड मधेच बदलतो आणि अशा भेसळीच्या तारखा ढिगाने येतात. सरळ नकार मिळाला असता तर परवडलं असतं. एक ओळ गपचूप आत आणि पुढची बाहेर, हे जास्त त्रासाचं.

मूळ शोधायला पायथनच्या सी भाषेतल्या कोडमध्ये शिरू नका. डेटटाइम सीमध्ये लिहिलेलं असलं तरी या कामासाठी ते लिब फोल्डरमधल्या, अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या स्ट्रपटाइमच्या पायथन फाइलकडेच जातं. तिथे प्रत्येक फॉरमॅट-अक्षरासाठी एक रेगेक्स, म्हणजे मजकूर जुळवण्याचा साचा, आहे. वर्षासाठी चार वेळा बॅकस्लॅश-डी. पायथन ३ मध्ये बॅकस्लॅश-डी म्हणजे युनिकोडमधला कुठलाही दशमान अंक, आणि मजकुराची संख्या करणारं इंट फंक्शनही देवनागरी अंक आनंदाने वाचतं. दिवसाच्या रेगेक्समध्ये मात्र पहिला अंक चौकटी कंसात इंग्रजीत लिहिलेला आहे, फक्त दुसऱ्या जागी बॅकस्लॅश-डी. सगळा घोळ एवढाच.

आता दुरुस्ती, तीही पायथनच्याच कोडमध्ये. पहिल्यांदा सुचतं ते म्हणजे रेगेक्स कंपाइल करताना री-डॉट-ॲस्की हा फ्लॅग (जुळवणी ॲस्कीपुरती, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांपुरती ठेवणारा) टाकणं. एका शब्दाचं काम, पण करू नका. हेच रेगेक्स महिन्यांची नावंही जुळवतं, लहान-मोठं अक्षर न बघता. तो फ्लॅग लावला की फक्त इंग्रजी अक्षरांपुरतंच हे चालतं. फ्रेंच लोकॅलमधला (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमधला) फेब्रुवारी, ज्यात उच्चारचिन्हाचा ई येतो, तो कॅपिटलमध्ये आला की जुळणार नाही. शिवाय मोकळी जागा जुळवणारा बॅकस्लॅश-एस आकुंचन पावतो, म्हणजे नॉन-ब्रेकिंग स्पेस (ओळ न तोडणारी मोकळी जागा) अडकते. त्यापेक्षा कंटाळवाणा मार्ग बरा: प्रत्येक बॅकस्लॅश-डीच्या जागी शून्य ते नऊ हा इंग्रजी चौकटी कंस. मायक्रोसेकंदाच्या रेगेक्समध्ये तो आधीपासून तसाच आहे, तेव्हा तुम्ही नवीन काही शोधत नाही आहात.

मराठी माणूस असून देवनागरी अंक बंद करायला सांगतो, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. उलट बाजूने सगळे अंक स्वीकारायचे, तर एकाच तारखेत बंगाली, अरबी आणि देवनागरी अंक चालणार का, हा वाद सुरू होतो. तो स्टँडर्ड लायब्ररीत मिटणारा नाही.

कोडला हात लावण्याआधी गिटहबवर पायथनच्या जुन्या इश्यू, म्हणजे तक्रारी, चाळा आणि मेन शाखेचं (चालू विकासाच्या कोडचं) ताजं बिल्ड करून दोष अजून आहे का बघा. बिल्डसाठी कॉन्फिगर करताना पायडीबग हा चुका शोधायला मदत करणारा पर्याय चालू ठेवा. आधी टेस्ट लिहा: पूर्ण देवनागरी वर्ष, भेसळीचा दिवस, देवनागरी तास, आणि महिन्याच्या नावाची एक बिगर-इंग्रजी केस. ती शेवटची असेल तर फ्लॅगचा शॉर्टकट रिव्ह्यूमध्ये परत डोकं वर काढणार नाही. मग टेस्ट-स्ट्रपटाइम आणि टेस्ट-डेटटाइम हे पायथनचे दोन्ही टेस्ट-संच चालवा. बदलाची नोंद ब्लर्ब या बदल-नोंदी लिहिण्याच्या टूलने करा. वागणूक बदलते आहे, म्हणून जुन्या आवृत्त्यांतही तो घालण्याचा, म्हणजे बॅकपोर्टचा, आग्रह धरू नका. कोणाचा तरी कोड त्या अर्धवटपणावर उभा असतो.

पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, पायथनमध्ये मर्ज होईपर्यंत आपल्या फाइली थांबत नाहीत. स्ट्रिंगच्या ट्रान्सलेट मेथडला दहा देवनागरी अंकांना इंग्रजी अंक देणारा तक्ता द्या, तारीख त्यातून काढा आणि मगच स्ट्रपटाइमकडे सोडा. तो तक्ता पॅच आल्यानंतरही काढू नका, कारण मग स्ट्रपटाइम देवनागरी अंक अजिबात घेणार नाही.