मालागाचा किल्ला: बसने वर जा, चालत खाली या

स्पेनमध्ये मालागाला गेलात तर जिब्राल्फारो किल्ल्यावर खालून चढत जाऊ नका, उन्हाळ्यात तर अजिबातच नको, चढ चांगलाच खडा आहे. पासेओ देल पार्क या रस्त्यावरून 35 नंबरची बस पकडा, ती पार वर किल्ल्यापाशी सोडते, मग तटावरून निवांत चक्कर मारा, खाली बंदर आणि बुलफाइटचं गोल मैदान मस्त दिसतं, आणि मग पायी उतरून अल्काझाबाला, म्हणजे खालच्या किल्ल्याला, या. दोन्ही किल्ले भिंतींनी जोडलेत पण आतून जाता येत नाही हं, बाहेर पडूनच दुसऱ्यात शिरायचं, तिकीट मात्र दोन्हींचं एकत्रच घ्या, स्वस्त पडतं. रविवारी दुपारी 2 नंतर फुकट असतं, पण गर्दीची तयारी ठेवा.

जास्त वेळ अल्काझाबाला द्या. 11व्या शतकातला मूर (म्हणजे तेव्हा इथे राज्य करणाऱ्या मुस्लिम) राजांचा वाडाच तो, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी, कारंजी, बागा, आणि पायथ्याशी चक्क रोमन थिएटर. वरचा किल्ला 14व्या शतकातला, तिथे तटबंदी आणि व्ह्यू सोडून फार काही नाही.

दगड झिजून गुळगुळीत झालेत, ग्रीपवाले बूट घाला. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर टाउन हॉलच्या मागून अल्काझाबाला लिफ्ट आहे.